फॅमिली असलेला बॅचलर

दुष्काळाच्या त्या वर्षी म्हसवडच्या एस.टी. स्टँडवर मला सोडायला सगळं घर आलं होतं. फक्त बायको नव्हती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि नव्या सुनेनं नवऱ्याला पोचवायला स्टँडवर यायची रीत आमच्यात नव्हती. निघताना ती माजघराच्या दाराआड उभी होती. मला नुसता पदर दिसला. वडील एवढंच म्हणाले, "तिची काळजी करू नगंस. घरात लय माणसं हायती."

अडचण तीच होती. माणसांदेखत आम्ही दोघं कधी बोललो नव्हतो, आणि माणसं नाहीत अशी जागा त्या घरात नव्हती.

सांगलीत हळदीच्या पेठेत अडत दुकानावर कारकून म्हणून लागलो. खोली बघायला गेलो की घरमालक विचारत, बॅचलर का? लग्न झालंय म्हटलं की, मग फॅमिली कुठं? फॅमिली म्हसवडला. म्हणजे बॅचलरच की, म्हणून दार बंद. शाळेतल्या डिक्शनरीत या शब्दाचे अर्थ होते अविवाहित आणि पदवीधर. मी लग्न झालेला मॅट्रिक, कशातच बसत नव्हतो, तरी सांगलीनं मला बॅचलर करून टाकलं. शेवटी जिथं वळकटी टाकली तिथले चौघंही लग्न झालेले. कुंडलचा एक तर दोन पोरांचा बाप. तरी खानावळीत आमचं नाव 'बॅचलर मंडळी', आणि गल्लीतल्या बाया आम्हाला बघून दार लोटून घ्यायच्या.

रविवारी बाकीचे गावी गेले की मी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायचो. फार एकटं वाटायचं. बायकोची आठवण काढावी, तर आठवायचं काय? तिचा आवाजसुद्धा मला नीट ठाऊक नव्हता.

पुढं आमच्या शेठनी शब्द टाकला आणि दोन खोल्यांची जागा मिळाली, पण फॅमिली आणायच्या अटीवर. वडिलांनी नाराजीनंच तिला पाठवलं. पहिल्या संध्याकाळी तिनं पिठलं-भाकरी वाढली आणि सवयीनं मधल्या दाराआड जाऊन उभी राहिली. मीही खाली मान घालून जेवू लागलो. लाजायला तिथं कुणी नव्हतं, पण दोघांचंही तोंड उघडेना. आता जन्म असाच मुक्यानं जाणार, असं वाटू लागलं. तेवढ्यात दारामागून आवाज आला.

"आवं, हितं तर कुणीच न्हाई. मग बोलू का मी?"

बोल म्हणालो. तेव्हा जी सुरुवात झाली ती म्हातारपणापर्यंत थांबली नाही. कधी कधी तर मीच म्हणायचो, बाई, जरा दम घे.

आता ती नाही. परवा इथं सांगलीत आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये बॅचलरांना फ्लॅट भाड्यानं द्यायचा नाही असं ठरलं. सगळ्यांचे हात वर गेले, माझा गेला नाही. मला आता कुणी बॅचलर म्हणत नाही. पण संध्याकाळी आपलं ताट आपणच वाढून घेताना तो शब्द मला अगदी नेमका लागू पडतो.

तुम्ही म्हसवडची मंडळी फोनवर म्हणता, एकटा कशाला राहतोस, घरी ये, हितं लय माणसं हायती. मायेनं म्हणता, कळतं मला. पण त्या घरात ती अजून दाराआडच उभी आहे, गप्प. तिला बोलताना मी ऐकलं ते इथं. मला इथंच राहू द्या.