कमरेला खोचलेली पुडी

नायजेरियातल्या इबादान शहरात, मोकोला बाजारामागे, मोरेनिके सव्वीस वर्षं वेण्या घालते आहे. बघणाऱ्यांना वाटतं, गप्पा मारायच्या आणि बोटं चालवायची, हे कसलं काम! गिऱ्हाइकांना तसं वाटत नाही. त्या उठायच्या आधी आपले गळलेले केस मागून घेतात. परक्याच्या हाती पडलेल्या केसांवर करणी होते, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणून मोरेनिके फणीतला शेवटचा केसही कागदात गुंडाळून ज्याचा त्याला देते. तिचं नाव आहे ते एवढ्यावर.

त्या सकाळी बोलूची आई, बाजारातली कापडवाली, दारातूनच गरजली, "मागच्या वेळची पुडी हलकी होती. माझे केस कुठे गेले?"

सोबत तिची धाकटी सवत आशाके होती. ती नेहमीच असायची. "दीड महिन्यात अक्कांच्या दुकानाकडे काळं कुत्रं फिरकलं नाही," ती म्हणाली. "कुणी तरी काही तरी केलंय."

बाकावर थांबलेल्या दोघी डोक्याला फडकं गुंडाळून उठायच्या बेतात आल्या.

केस मोरेनिकेनेच ठेवले होते. दीड महिन्यापूर्वी फणीबरोबर बोलूच्या आईच्या उजव्या कानामागची अख्खी बट मुळासकट हातात आली. खाली बाटलीच्या झाकणाएवढं टक्कल. आशाके समोर बसलेली. थोरलीची चारचौघींत शोभा करायला तिला एवढं पुरलं असतं. मोरेनिकेने बट कागदात गुंडाळून कमरेला खोचली आणि शेजारच्या वेण्या टकलावर ओढून घेतल्या. एकटी भेटली की देऊ, असं ठरवलं. ती एकटी आलीच नाही. आणि दुसऱ्याचे केस जाळायची मोरेनिकेची छाती झाली नाही.

आता खरं बोलावं तर गिऱ्हाइकाची अब्रू जाणार, गप्प बसावं तर आपली.

"बसा तर, बोलूच्या आई. डोकं बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"डोकं कसलं बघतेस?" आशाके म्हणाली. "अक्का, झडती घ्या हिची!"

बोलूची आई धुसफुसत स्टुलावर बसली. मोरेनिकेने तिचा उजवा हात धरून कानामागे नेला. बोटं गुळगुळीत कातडीवर टेकली आणि थांबली. तेवढ्यात मोरेनिकेने तिच्या डाव्या मुठीत पुडी सरकवली. आता ती किंचाळली असती तर संपलंच होतं. दुसऱ्याचे केस दीड महिना कमरेला बाळगणाऱ्या बाईचं कोण ऐकून घेतं?

बोलूची आई पुडी मुठीत दाबून बसली. मग बाकाकडे बघून मोठ्यांदा म्हणाली, "माझीच चूक. पुड्या दोन होत्या. दुसरी घरात असेल."

"मग हात का थांबला तिथे?" आशाके उठून उजव्या बाजूला यायला लागली.

"गुंता लागला. तू बस."

मोरेनिकेने स्टूल फिरवलं. उजवा कान भिंतीकडे गेला. भिंत आणि स्टूल यांच्यात एकाच बाईपुरती जागा होती. तिथे ती स्वतः जाऊन उभी राहिली.