शेवटच्या फोटोंची दुसरी प्रत

उदगीरच्या बसवंतप्पांनी आयुष्यभर फोटो काढले. लग्नाचे, बारशाचे, शाळेच्या गॅदरिंगचे. पण लोक त्यांना ओळखत ते वेगळ्याच फोटोंसाठी. लिंगायताच्या घरी माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात. डोक्याला फेटा, गळ्यात हार. समाधीला नेण्याआधी घरचे दोन्ही अंगांना बसतात आणि एक फोटो निघतो. तो बसवंतप्पांनीच काढावा, असं निलंगा-मुरुडपर्यंतच्या कितीतरी घरांना वाटे. ते फ्लॅश मारत नसत. खिडकी उघडायला लावत आणि उजेड चेहऱ्यावर येईपर्यंत थांबून राहत. भजन म्हणणारे आपोआप आवाज खाली घेत.

फोटो सगळ्यांना हवा असे, घरात ठेवायला मात्र पुष्कळांना नको असे. कुणाच्या सुनेला दिवस गेलेले असत, कुणाची लेकरं भिणारी. "तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या अप्पा," लोक म्हणत. "टाकू नका, पण घराबाहेर बी जाऊ देऊ नका." बसवंतप्पा मान डोलावत. असं करता करता आसपासच्या तालुक्यांतली कितीतरी माणसं त्यांच्या कपाटात येऊन बसली.

दुकान बंद केलं तेव्हा निगेटिव्हना बुरशी धरू लागली होती. त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी स्वप्नाली लातूरला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर सांभाळते. तिने सुट्ट्या घालवून सगळं स्कॅन केलं, घरात एक छोटा डब्यासारखा सर्व्हर बसवला आणि खराब झालेल्या त्या सगळ्या निगेटिव्ह टाकून दिल्या. रोज पहाटे सगळ्याची एक प्रत आपोआप शेजारच्या डिस्कवर उतरेल आणि दर रविवारी दुपारी एक क्लाउडवर जाईल, अशी व्यवस्था तिने लावली. शेवटच्या फोटोंचं फोल्डर तेवढं क्लाउडमधून वगळायचं ठरलं. बसवंतप्पांनी शब्द दिलेला होता.

येळवशीला, मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतपूजेला, ती उदगीरला आली. शेतातून परतल्यावर, पायाची माती न धुताच, तिने लॅपटॉप उघडला आणि उतरलेल्या प्रतींची यादी तपासली.

"दोडप्पा," ती म्हणाली. वडिलांच्या थोरल्या भावाला त्यांच्या घरात कानडीतूनच हाक मारतात. "रात्री हे बंद कोण करतंय?"

"मीच की. दुकान वाढवलं की मेन बंद करायचं. उगं शॉर्टसर्किट नको."

"हे दुकान न्हाई."

"न्हाई, पण सवय हाय."

"हे रात्रीच काम करतंय. तुम्ही झोपल्यावर. डिस्कवर श्रावणापासून एकबी प्रत उतरली न्हाई."

"दिवसभर चालू असतंय. त्याला बी जरा झोप नको का?"

स्वयंपाकघरातून शिवकांताबाई, बसवंतप्पांच्या पत्नी, म्हणाल्या, "माझ्या फ्रीजमधलं दूध रोज नासतंय, ते कुणी विचारलं न्हाई. डब्याची मात्र लई काळजी."

डब्यावर तीन बोटांची विभूती ओढलेली होती. स्वप्नालीने ती पुसली नाही. लग्नाबारशाचे फोटो क्लाउडवर नीट होते, कारण रविवारी दुपारी बसवंतप्पा घरी असत आणि मेन चालू असे. वगळलेलं फोल्डर मात्र एकाच डिस्कवर होतं, आणि रोजच्या बंद-चालूने ती डिस्क इशारे देऊ लागली होती. तिने तेव्हाच फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि रोजच्या प्रतीची वेळ पहाटेऐवजी दुपारची केली. माणसाची सवय बदलण्यापेक्षा हे सोपं होतं.

"तरीबी दोन्ही डिस्का एकाच फळीवर हायत," ती म्हणाली. "आग लागली, चोर आला, तर दोन्ही जातील. बाहेर एक प्रत पायजेच. कुलूप लावून जाते. चावी आपल्याजवळ. तिथल्या माणसालाबी उघडत न्हाई."

"पण जाते घराबाहेरच ना?"

"हाव."

"मग विचारावं लागंल."

बसवंतप्पा एस.टी.ने आधी निलंग्याला गेले, मल्लम्माकडे. तिच्या नवऱ्याचा, किराणा दुकानदार गुरुबसप्पांचा फोटो हा बसवंतप्पांच्या मते त्यांचा सगळ्यांत चांगला फोटो होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. असल्या फोटोला चांगला म्हणायचं कसं, हा प्रश्नच होता. पण तो उजेड पुन्हा कधी मिळाला नव्हता. तो जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मल्लम्मा आता मुलाच्या घरी राहत होती. चहा झाला. क्लाउडचं सगळं तिने ऐकून घेतलं.

"फोटो आणला का?"

"मोबाइलात हाय. तुमच्या सुनेला दिवस होते, तुम्हीच घरात नको म्हणाला होता अक्का."

"ते लेकरू आता कॉलेजात गेलं. दाखवा."

तिने मोबाइल चष्म्याजवळ धरला. फोटोत ती स्वतःही होती, नवऱ्याच्या डाव्या अंगाला, पदर कपाळापर्यंत. बराच वेळ तिने पाहिलं.

"मी अशी दिसत होते होय?" ती म्हणाली. मग म्हणाली, "फेटा वाकडा बांधलाय. जित्तेपणी कधी वाकडा फेटा घातला न्हाई त्यांनी. घाईत कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई."

बसवंतप्पांना फेटा कधी दिसला नव्हता. त्यांनी उजेडच पाहिला होता.

मल्लम्माने मोबाइल परत दिला. "इतकी वर्षं तुमच्यापाशी हाय म्हणून मला धीर होता. आता बघितलं. मिटवून टाका."

"पाठवत न्हाई मग. घरातच ठेवतो."

"न्हाई अप्पा. मिटवा. मला ते गल्ल्यावर बसलेले आठवतेत, तसेच ऱ्हाऊ द्या."

बसवंतप्पा हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

घरी आल्यावर त्यांनी फोटो मोबाइलमधून आणि सर्व्हरवरून काढला आणि स्वप्नालीला फोन केला. ती म्हणाली, "दोडप्पा, बॅकअपमधून लगेच जात न्हाई. मिटवलेलंबी महिनाभर धरून ठेवतंय ते. कुणी चुकून मिटवलं तर परत मिळावं म्हणून."

"मी चुकून मिटवलं न्हाई."

"मला ठाव हाय. पण ऱ्हाऊ द्या की. तुमचा आवडीचा हाय तो." तिने हे कधी ओळखलं होतं, कोण जाणे. "त्यांना काय कळतंय?"

बसवंतप्पा फळीसमोर उभे होते. डिस्कचा बारीक दिवा लुकलुकत होता. दुपारची प्रत उतरत होती.

"त्यांना न्हाई कळत," ते म्हणाले. "तिथूनबी काढ."

तिने लातूरहून बसल्या जागी ते केलं. वेळ लागला. फोन चालूच होता. झालं, असं ती म्हणाली तेव्हा त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी ते जेवायला उशिरा बसले आणि भाकरी अर्धी ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुरुडला फोन लावला. तिथल्या हळदीच्या व्यापाऱ्याच्या आईचा फोटो त्यांच्याकडे होता. क्लाउडचं कसं समजावून सांगायचं, ते स्वप्नालीने त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. पण पलीकडून ओळख पटल्यावर ते त्यातलं काहीच बोलले नाहीत.

"तुमच्या आईचा फोटो माझ्यापाशी हाय," ते म्हणाले. "ठेवू का, तेवढं सांगा."

पलीकडे त्याने दुकानातल्या गिऱ्हाईकाला थांबायला सांगितलं.

"आधी एकदा बघू द्या," तो व्यापारी म्हणाला. "मीच येतो उदगीरला."