अंबाड्यातला नाकतोडा

मेणाचा वास आला की मला वहिनींची कुंकवाची पेटी आठवते. कचेरीतल्या गोऱ्या साहेबानं मला मासेमारीचा नाद लावला होता आणि नवशिक्यानं आधी माशाला भुलवायचा खोटा नाकतोडा बांधावा, असं सांगून एक गळ हातावर ठेवला होता. आमच्या नागपूरच्या घरात मासळीचं नावही चालत नसे, म्हणून थोरले बंधू देवळात गेल्यावर मी मागच्या पडवीत बसलो. ज्वारीच्या धांड्यातलं भेंड हळदीत रंगवून गळावर बसवलं, वर पंख म्हणून कोंबडीचं पीस धरलं, पण दोरा निसटायचा आणि पंख फिरायचे. वहिनी तांदूळ निवडता निवडता बघत होत्या. "काहून त्या दोऱ्याले पिळून राहिले भाऊजी? मेण लावा त्याले," म्हणत त्यांनी कुंकवाखाली लावायचं मेण आणून दोऱ्यावर ओढलं आणि स्वतःच वेढे घालून गाठ मारली. तेवढ्यात दारात बंधूंच्या वहाणा वाजल्या. वहिनींनी नाकतोडा झटकन अंबाड्यात खोचला आणि कोंबडीचं ते पीस केसांत घेऊनच त्या पानं वाढायला उठल्या. भात वाढताना त्या वाकल्या, तसे बंधू म्हणाले, "तुझ्या अंबाड्यावर नाकतोडा बसला वं." मी घास हातात धरून थांबलो. "बसू द्या," वहिनी म्हणाल्या, "जाईल उडून." इतक्या सहज माझी बाजू नंतर कुणी घेतली नाही. आता बंधू नाहीत, वहिनीही नाहीत. नाकतोडा मात्र माझ्या टेबलावर आहे, आणि त्याचा दोरा कुंकवानं अजून लालसर आहे.