लिफ्टसमोरची गुप्तहेर

गुरुवार वर्षालीनेच मागून घेतला होता. महाळुंग्याच्या तिच्या कंपनीला त्या दिवशी सुट्टी. अख्ख्या औद्योगिक पट्ट्यालाच असते. सकाळी लाइव्ह बसायचं, ‘ऑपरेशन तांबट’ हा त्याच नावाच्या सिनेमावरून काढलेला नवा गेम लोकांसमोर खेळायचा आणि तो कसा आहे ते मराठीत सांगायचं, असं ठरलं होतं. बंगळुरूच्या एका वेबसाइटला मराठीतून गेमची परीक्षणं करणारं माणूस हवं होतं. त्यांनी निवडलेल्या मोजक्या जणांत ही एक. आजचं जमलं तर काम तिचं.

फक्त एक गोष्ट ती विसरली. कारखाने बंद म्हणून विजेची दुरुस्तीही गुरुवारीच निघते.

“आई, लाइट गेली!” बाथरूममधून किंकाळी आली. “आई, आज गुरुवार!”

वर्षालीची आई विजयश्री हातातलं टाकून धावली. तशी ती काळजी करण्यात पटाईत. लग्न होऊन धाराशिवहून मोशीला आल्यापासून आधी नवऱ्याच्या ओव्हरटाइमची, मग लेकीच्या शिफ्टची, चुकणाऱ्या कंपनी बसची, वाढत्या चष्म्याच्या नंबरची. एवढं डिप्लोमा करून पोरगी सुट्टीच्या दिवशी बंदुका चालवत बसते, हे कुणाला सांगायचं कसं? पण आवाज बारीक करून तिने लेकीचे सगळे व्हिडिओ पाहिले होते. वर्षाली कंपनीत क्वालिटीला होती. दिवसभर गाडीचे भाग हातात घेऊन हा पास, हा परत, असं ठरवायची. गेमलाही ती तशीच धरायची, उलटासुलटा करून.

“वर्षे, लिफ्टचा जनरेटर!” विजयश्री एकदम म्हणाली. “लिफ्टपाशी वॉचमन मोबाइल चार्जिंगला लावतो बघ, तिथे करंट असतो.”

मग काय! कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून दोघी मायलेकी जिन्याने खाली. वॉचमनच्या टेबलावर सगळं मांडलं, नेटसाठी मोबाइल जोडला. पडद्यावर तांबट पक्ष्याचं चित्र उमटलं तोच कुणीतरी लिफ्टने वर गेलं आणि सगळं फटकन बंद.

“लिफ्ट उचल घेते तेव्हा व्होल्टेज पडतंय,” वर्षालीचा चेहरा उतरला. “जमणार नाही गं.”

“तू खेळ,” विजयश्रीने पदर खोचला. लिफ्ट खाली बोलावून घेतली आणि दारासमोर उभी राहिली. “लिफ्टचं मी बघते.”

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडलेली बाई ती. पण आज आल्यागेल्याला जिन्याकडे पिटाळू लागली. तरणी पोरं हसत गेली. मग भाजीची पिशवी घेऊन सहाव्या मजल्यावरच्या कुसुमताई आल्या.

“सरक गं. माझं गुडघं बोलाया लागलंय.”

“काकू, थोडं थांबा ना. वर्षालीची परीक्षा आहे.”

“कसली परीक्षा? ती तर गेम खेळतीया.”

“तीच परीक्षा.”

“मग तसं सांग की! खुर्ची दे.”

तोवर वर्षाली रंगात आली होती. “मंडळी, सिनेमात नायिका या कारखान्यात शिरते आणि पुढच्याच क्षणी नकाशा घेऊन बाहेर. इथे मात्र प्रत्येक पाऊल आपलं आपण टाकायचं. पहारेकरी आपल्याला बघून नाही, बुटांच्या आवाजाने वळतो. ऐका.”

ती गप्प झाली. लोखंडी जाळीवर बूट हळूच वाजले. विजयश्रीने श्वास धरला.

“पोरी, मागं बघ मागं! आला मेला!” कुसुमताई ओरडल्या.

वर्षालीने झटकन पिंपामागे उडी घेतली. पहारेकरी कडेने निघून गेला. पडद्यावर बघणाऱ्यांच्या शेऱ्यांचा पाऊस पडला. ‘काकू कोण?’ ‘काकूंना पण माइक द्या!’ विजयश्रीला हसू आवरेना. आपण मघापासून दोन्ही मुठी वळून उभ्या आहोत, हे तिला तेव्हा कळलं.

आणि नेमका लिफ्टचा दिवा लागला. वरून कुणीतरी बटण दाबलं होतं. तळमजला तिने राखला, वरचे मजले तिच्या ध्यानातच आले नव्हते! लिफ्टचं उघडं दार मिटू लागलं.

“काकू!”

कुसुमताईंनी खुर्चीसकट स्वतःला दारात ढकललं. दार त्यांच्या गुडघ्याला टेकलं आणि मुकाट मागे गेलं.

“बघू कोण नेतंय लिफ्ट,” त्या तिथेच ठाण मांडून म्हणाल्या.

थोड्या वेळाने सेक्रेटरी रोहिदास जिन्याने धापा टाकत उतरले. “काय चाललंय हे? सेक्रेटरी मी आहे का तुम्ही?”

“गप रे रोहिदास, ती छतावरनं चाललीया.”

रोहिदासनी पडद्याकडे पाहिलं. “ताई, डावीकडे कॅमेरा आहे,” ते हळूच म्हणाले.

शेवटी निकाल सांगायची वेळ आली. आता गोड बोल गं बाई, विजयश्री मनात म्हणाली, काम हातचं घालवू नकोस.

“कारखान्याचा भाग एक नंबर,” वर्षाली म्हणाली. “लपताना माझ्या हाताला घाम आला, खोटं नाही सांगत. पण शेवटचा पाठलाग आपल्याला खेळूच देत नाहीत. सिनेमातला तुकडा उचलून चिकटवलाय. इतका वेळ मला गुप्तहेर केलंत आणि शेवटी प्रेक्षकांत नेऊन बसवलंत? माझ्या टेबलावर आला असता तर शेवट मी दुरुस्तीला परत पाठवला असता. बाकीचा पास. सिनेमा आवडला असेल तर घ्या. नसेल आवडला तर नक्कीच घ्या.”

रोहिदासनी टाळी वाजवली. विजयश्रीने मात्र डोळे मिटून घेतले. संपलं, तिला वाटलं.

फोन वाजला, बंगळुरूहून. वर्षाली “येस मॅम, येस मॅम” करत जिन्यापर्यंत गेली आणि तिथून ओरडतच पळत आली. “आई! त्या म्हणाल्या, तो शेवट त्यांच्या ऑफिसात कुणालाच आवडला नव्हता, पण उघडपणे मीच बोलले! काम मिळालं, आई!”

विजयश्रीने आधी लेकीला मिठी मारली, मग कुसुमताईंना, आणि तिथूनच धाराशिवला भावाला फोन लावला.

“दादा, वर्षालीला आणखी एक काम मिळालं!”

“कसलं?”

“गेम कसा आहे ते सांगायचं.”

“गेम? हे काय काम झालं?”

“अरे, ती सांगते ना, तेव्हा श्वास धरून ऐकावं लागतं,” विजयश्री म्हणाली. “थांब, तुला व्हिडिओ पाठवते. आवाज मोठा करून बघ.”