निरोप देणारा पोपट

बनशंकरीतल्या आमच्या घरी दोन आफ्रिकी पोपट आहेत, करड्या अंगाचे, लाल शेपटीचे. एक बोलतो. दुसरा नुसती आमच्या दारावरची बेल वाजवतो, तीही इतकी हुबेहूब की मी अजून फसते.

बोलणाऱ्याला माझ्या नवऱ्यानं शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, त्याची सवयच तशी. पाहुणा चपला घालू लागला की हा पिंजऱ्याशेजारी उभा राहून म्हणायचा, "या परत. नक्की या." त्याच्या कारखान्यातले लोक असोत की गॅसवाला, सगळ्यांना तेच. पुढे पोपट त्याच्या आधीच म्हणू लागला, त्याच्याच आवाजात, शेवटच्या ‘या’ला तसाच हेल काढून. पाहुणे खूश. मुद्दाम आत येऊन पुन्हा निरोप घ्यायचे. मला वैताग यायचा, कारण निघालेला माणूस काही केल्या निघायचा नाही.

नवरा गेला त्या दिवशी पिंजरा झाकायचं कुणालाच सुचलं नाही. चौघांनी त्याला उचललं, दारापर्यंत नेलं आणि मागून त्याचाच आवाज आला, "या परत. नक्की या." खांदेकरी थबकले. माझी नणंद मटकन खाली बसली. मला काहीच वाटलं नाही. दूध तापवायचं राहिलंय, एवढंच डोक्यात आलं.

मग लोक भेटायला येऊ लागले. अशा घरातून उठताना कुणी ‘येतो’ म्हणत नाही आणि घरचेही ‘या’ म्हणत नाहीत. गुपचूप उठायचं आणि जायचं. आमच्याकडे लोक गुपचूप उठायचे आणि पोपट त्यांना आग्रहानं परत बोलवायचा. नवऱ्याचा एक जुना सहकारी सवयीनं "हो हो, येतो" म्हणून बसला आणि मग बिचाऱ्यानं जीभ चावली. एरवी मी हसून लोळले असते. दुसरा पोपट मधूनच बेल वाजवायचा. मी उठून दार उघडायचे, बाहेर कुणी नसायचं, मी दार लावायचे.

शेजारची कानडी अक्का रोज कॉफी घेऊन यायची. "स्वल्प कुडीरी," म्हणजे थोडी तरी प्या, म्हणायची. मी प्यायचे. चव लागत नव्हती.

"वहिनी, हे बरं नाही," नणंद एकदा म्हणाली. "दुःखाच्या घरात ‘या’ म्हणतात का कुणी? लोक धसका घेतात गं. के. आर. पुरमला माझा मुलगा सांभाळेल दोघांना."

"सरी," मी म्हटलं. इथं राहून तोंडात बसलेलं कानडी ‘बरं’. त्या दिवसांत मी सगळ्यालाच सरी म्हणत होते. त्याचे कपडे कुणाला द्यायचे, सरी. स्कूटर विकायची, सरी. पोपट गेला की नवऱ्याचा आवाजही या घरातून जाणार, हे मला कळत होतं. नुसतं कळत होतं.

भाचा आला तेव्हा तेरावा होऊन गेला होता. त्यानं दोघांच्या पिंजऱ्यावर चादर टाकली, पिंजरा उचलला आणि चपला घातल्या. मी सवयीनं वाट पाहिली. पोपट गप्प. अंधारात त्याला काय कळणार, कोण निघालंय ते? आजवर तो आतून बोलायचा आणि बाहेर जायचे ते दुसरे.

भाचा उंबरा ओलांडून गेला. दारात मी एकटी उरले.

"या परत," मी म्हटलं. "नक्की या."

शेवटच्या ‘या’ला मीही तसाच हेल काढला. भाचा वळून बघत राहिला.

"मामी?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू फुटलं होतं. मी जिन्यात जाऊन त्याच्या हातातून पिंजरा घेतला आणि आत आणला. नणंदेला काय सांगायचं, ते त्यानं बघावं.