भोईरदादांनी बिघडवलेला शाफ्ट

भोईरदादा लेथवरून उतरवलेल्या लोखंडाला गाल लावायचे. गाल थंडगार झाला की मगच म्हणायचे, "हां, आता खरं बोलेल. आण तुझा मायक्रोमीटर." हात कामानं राठ झालेले, त्यांना ऊबच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात त्यांच्या तोडीचा टर्नर नव्हता. बदलापूर गावातून रोज चालत यायचे. मी तिथं तपासनीस होतो. वय चोवीस, डिप्लोमाची मिजास नाकाच्या शेंड्यावर.

मालक लछूमल, सिंधहून आलेले, राहायला उल्हासनगरच्या छावणीत. मुंबईच्या गोदीत आरमाराची नवी गस्तीनौका बांधून होत आली होती आणि तिचा पंखा फिरवणारा शाफ्ट आमच्याकडे आला. तेव्हापासून लछूमल धड जेवलेसुद्धा नाहीत.

शाफ्ट पुरा झाला त्या दुपारी ट्रक दारात उभा. "अरे बाबा, जल्दी करो!" लछूमल दर दोन मिनिटांनी ओरडत होते. मी माप घ्यायला पुढे झालो.

"ए सायबा, निवू दे ना जरा," दादा म्हणाले. "गरम लोखंड फुगलेलं असतं."

"टर्नर तुम्ही. तपासनीस मी," मी फाडकन बोललो. माप केसभर जास्त आलं. तेवढं मी दादांकडून तिथंच कातवून घेतलं, सही ठोकली, ट्रक गेला.

चार वाजता दादा माझ्या टेबलापाशी आले. हातात त्याच शाफ्टचं, त्याच मापाला कातून मग कापलेलं जादा टोक, आता गार झालेलं. मी मोजलं. केसभर कमी! पुन्हा मोजलं. तेवढंच कमी. केसभर म्हणजे पंखा सैल बसणार, आणि भर समुद्रात निखळला तर आतल्या खलाशांचं काय? शाफ्ट दुसऱ्या दिवशी सकाळीच बसवणार होते.

"दादा, माझी नोकरी गेली हो," मी म्हणालो. खलाशी राहिले बाजूला, तोंडून आधी हे निघालं. घरी बायकोला सातवा महिना होता. पण लाज वाटायची ती वाटतेच, आजही वाटते.

"ऊठ," ते एवढंच म्हणाले.

गोदीच्या फाटकावर आम्ही दिवेलागणीला पोचलो. आतली नौका मला नीट दिसलीसुद्धा नाही, मी खालीच बघत चाललो होतो. शाफ्ट गरम असताना मोजला गेला, एवढं दादांनी सांगितलं. आरमारी अधिकाऱ्यानं तो पुन्हा मोजून घेतला आणि कागदावरची माझी सही पाहिली. "हे गरम असताना कोणी मोजलं?"

दादांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"मीच साहेब. हा नको बोलत होता. मना घाई झालेली, जबरदस्तीनं सही घेतली याची."

नवा शाफ्ट दादांनीच चार दिवसांत करून दिला. मग लछूमलनी त्यांना काढलं. अधिकाऱ्याची अटच तशी होती. जाताना दादा मला म्हणाले, "पोर झालं का कळव." मला मुलगी झाली, पुढं बढतीही मिळाली. कळवलं मात्र काहीच नाही. बदलापूर ते किती लांब? पण तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

तीन वर्षांनी ते गेल्याचं ऐकलं तेव्हा गेलो. ओटीवर त्यांची बायको बसली होती. मी कारखान्यातला म्हटल्यावर मला पाणी दिलं.

"भातशेतीत जीव नाय लागला त्यांचा," ती म्हणाली. "मरेपर्यंत बोलायचे, जन्मात एकच काम बिघडवलं, ते पण बोटीचं. सारा गाव हसला. पोरगा तर दोन वर्षं बापाशी नीट बोलला नाय."

घरातसुद्धा त्यांनी खरं सांगितलं नव्हतं! मला बसवेना. पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "काकू, ते काम त्यांनी नाही, मी बिघडवलं." मग सगळं सांगितलं.

ती रडली नाही, रागावली नाही. मान वळवून तिनं आत हाक मारली, "पांडू, बाहेर ये." मुलगा येऊन दारात उभा राहिला तसं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आता परत सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."