शपथेच्या नारळाचं हुमण

पंचायतीच्या निवडणुकीत पक्ष नसतो, असा कायदा आहे. पक्षाचा झेंडा नाही, पक्षाचं चिन्ह नाही. शिडी, शिट्टी, छत्री असलं काहीतरी मिळतं. पेडण्यातल्या आमच्या गावाने त्यावर आपलाही एक नियम चढवला होता. एका खेपेला वरच्या वाड्याचा माणूस पंच, पुढच्या खेपेला खालच्या वाड्याचा. देवळात गाऱ्हाणं घालून ठरलेलं. माझा जन्म खालच्या वाड्यातला, लग्न होऊन आले वरच्या वाड्यात, मध्ये फक्त एक ओढा, आमच्याकडचा व्हाळ. त्या वर्षी पाळी खालच्या वाड्याची होती आणि माझा थोरला भाऊ उभा राहणार होता. आईबाप कधीच गेलेले. माहेर म्हणजे तो एकटाच.

तरी माझ्या नवऱ्याने अर्ज भरला. पक्ष नसतो म्हणे! एका पक्षाचा पुढारी पांढऱ्या गाडीतून रोज आमच्या अंगणात उतरायचा, माझ्या हातचा चहा प्यायचा आणि मलाच विचारायचा, "माहेरची किती मतं फोडशील?" मी म्हटलं, "तुमचं डोकं फोडीन, चालेल?" नवरा हसला नाही.

मग त्याने शपथेचा नारळ काढला. देवासमोर ठेवलेल्या नारळावर हात ठेवून मत कबूल करायचं, अशी आमच्याकडची रीत. नारळ निकालापर्यंत अखंड राहिला पाहिजे. फुटला की शपथ सुटली. हे कायद्यात बसत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण शपथ मोडायची छाती कोणाची नसते. शहाणा माणूस प्रत्येक घराला वेगळा नारळ देतो. माझ्या नवऱ्याला घाई. त्याने अख्ख्या वाड्याला एकाच नारळावर हात ठेवायला लावले आणि तो आणून, कुंकू लावून आमच्या देवखोलीत ठेवला.

"सगळ्यांनी हात ठेवले. आता तूच रवलंस," तो म्हणाला.

"पाळी माझ्या भावाची आसा. मी नाय ठेवणार."

त्याने कानाखाली अशी वाजवली की कानातली कुडी निखळून चुलीत पडली. नारळावर हात मी ठेवला नाही तो नाहीच.

प्रचार बंद झाला त्या सकाळी भाऊ पाव आणायला व्हाळावरच्या साकवापाशी आला होता. आमच्या वाड्यातल्या माणसांनी त्याला तिथे गाठला. मी विहिरीवर होते, सगळं दिसत होतं. भात झोडतात तसे दांड्यांनी झोडत होते. तो पडला तरी थांबले नाहीत. एकाने त्याच्या मनगटावर पाय दिला आणि दुसऱ्याने कोपरावर दांडा घातला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. माझा नवरा कठड्याला टेकून उभा होता. त्याने स्वतः बोट लावलं नाही. "तोंडार नको," एवढंच म्हणाला. तोंड लोकांना दिसतं ना. मी कळशी टाकून धावले, तर केसांना धरून मला घरात आणून टाकली. भावाला म्हापशाला नेला. तो जगेल का, हे सांगायला कोणी तयार नव्हतं. पोलिसांना सगळ्या वाड्याने एकच सांगितलं, साकवावरून घसरून पडला.

आणि दुपारी तीच माणसं आमच्याकडे जेवायला येणार होती. "बांगडे हाडलेत, हुमण कर," नवरा म्हणाला. हुमण म्हणजे माशाची आमटी, नारळाच्या वाटपाशिवाय होत नाही.

मी रडले नाही. देवखोलीत गेले, देवाला म्हटलं, तुझं तू बघून घे. तो नारळ उचलून मागच्या पायरीवर आपटला. आदोळीवर बसून दोन्ही वाट्या खोवल्या, मिरच्या-हळदीबरोबर वाटल्या, तिरफळं ठेचून टाकली. चवीत कसूर ठेवली नाही.

मागून मागून जेवले मेले. कोपरावर दांडा घालणारा बोटं चाटत होता. ताटं निपटून झाल्यावर मी करवंट्या आणून मधोमध ठेवल्या. त्यांना कुंकू तसंच होतं.

"शपथ जेवलात तुम्ही. आता कोणाला मत घालायचं ते तुमचं तुम्ही बघा."

एकजण अंगणात जाऊन ओकला. नवऱ्याने मला भिंतीवर आपटलं, गळा धरला, डोळ्यांपुढे काळोख आला. त्याच्या म्हाताऱ्या काकांनी मागून कव घालून त्याला ओढला. सुटल्याबरोबर मी कोयता घेतला. म्हटलं, जवळ आलास तर मनगटापासून उतरवीन. उतरवलाही असता. बाहेर पडताना काका हळूच म्हणाले, "बरां केलंस, माझो जीव सुटलो."

वाडा सुटला. भाऊ वाचला आणि जिंकलाही. मी मनाशी म्हटलं, सासर गेलं चुलीत, माहेर राहिलं.

भाऊ इस्पितळातून घरी आल्यावर मी व्हाळ ओलांडून गेले. हात गळ्यात बांधून तो सोप्यावर बसला होता. "तुझ्यामुळे जिंकलो, बाय," म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी नेहमीसारखी चहा ठेवायला आत वळले. त्याच चुलीपुढे आईने मला भाकरी थापायला शिकवली होती. वहिनी दारात आडवी उभी राहिली.

"वन्सं, तुम्ही भायर बसा. राग मानू नका. पण घोवाच्या घरातली शपथ जिने रांधून घातली, तिका माझ्या चुलीकडे कशी सोडू?"

मी भावाकडे वळून बघितलं. तो मोडलेला हात सावरत अंगणाकडे बघत राहिला.